पाखरांचा वसंत

वसंत आला म्हणजे पाखरें गाऊं लागतात, घरटीं बांधूं लागतात, हें इतकें नित्याचें आहे कीं त्यांत विचारण्यासारखें कांहीं आहे असें कोणाच्या मनांतहि येत नाहीं. परंतु वसंताची ही वार्ता पाखराच्या शरीरांत नेतो कोण? या साध्या प्रश्नाच्या उत्तरासाठीं माणसाला शंभराहून अधिक वर्षें खर्चावीं लागलीं. त्या शोधाची कहाणी वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

तिचा आरंभ जर्मनींतील गटिंगेन येथें सहा कोंबड्यांपासून होतो. कोवळ्या कोंबड्याचे वृषण काढले म्हणजे त्याचा तुरा वाढत नाहीं, तो धड आरवत नाहीं, झुंजतहि नाहीं, हें कोंबड्या पाळणारांस फार पूर्वींपासून ठाऊक होतें. आर्नोल्ड बेर्टोल्ड यानें १८४९ सालीं आपल्या प्रयोगाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. ज्यांचे दोन्ही वृषण काढले ते खच्ची राहिले. पण ज्यांच्या उदरांत एक वृषण, आपलाच किंवा दुसऱ्या कोंबड्याचा, आंतड्यांलगत ठेवला ते अस्सल नरांसारखे वाढले. फाडून पाहतां त्या वृषणाला नव्या रक्तवाहिन्या फुटलेल्या दिसल्या. जुने मज्जातंतु मात्र तुटलेलेच होते. तेव्हां हा संदेश तंतूंवाटे नव्हे, रक्तावाटे जातो, असें अनुमान त्यानें काढलें. तें छोटें टिपण पुढें कित्येक वर्षें कोणीं फारसें मनावर घेतलें नाहीं. १९०५ सालीं लंडनच्या स्टार्लिंगनें रक्तावाटे जाणाऱ्या अशा दूतांस 'हॉर्मोन' हें नांव दिलें. आपण त्यांस संप्रेरक म्हणतों.

दूत ओळखला, तरी त्याला धाडणारा कोण हें उरलेंच. हिवाळ्यांत कित्येक पाखरांचे वृषण टांचणीच्या डोक्याएवढे आक्रसतात. वसंतांत तेच शेकडों पटींनीं वाढतात. याचें श्रेय उबेला द्यावें असें सहज वाटतें. पण कॅनडांतील एडमंटन येथें विल्यम रोवन यानें १९२४ च्या शरदांत जुंको नांवाचीं लहान पाखरें उघड्यावरील पिंजऱ्यांत ठेवलीं, आणि विजेचे दिवे लावून त्यांचा दिवस थोडथोडा लांबवीत नेला. बाहेर हाडें गोठविणारी थंडी, तरी भर हिवाळ्यांत त्यांचे वृषण वसंतांतल्याप्रमाणें फुगले. किमया उबेची नव्हती, दिवसाच्या लांबीची होती! अधिक वेळ जागून हालचाल केल्यामुळें हें घडतें असा मात्र रोवनचा तर्क होता, आणि तेथें तो चुकला. पुढच्या दशकांत फ्रान्सच्या झाक बेन्वा यानें दाखविलें कीं, बदकाचे डोळे काढले तरी प्रकाशाचा परिणाम होतो. प्रकाश थेट मेंदूपर्यंत पोंचतो. १९७० सालीं अमेरिकेंत चिमण्यांच्या डोक्याच्या कातडीखालीं काळी शाई भरून हीच वाट अडविण्यांत आली.

पुढची साखळी आज बरीच उलगडली आहे. मेंदूंतील पेशी प्रकाश ओळखतात. मग तेथें थायरॉइडचें संप्रेरक अधिक कार्यक्षम रूप घेतें, हें जपानी संशोधकांनीं २००३ सालीं लाव्यांत दाखविलें. त्यायोगें मेंदूचा एक दूत पीयूषिका ग्रंथीस जागवितो आणि तिचीं संप्रेरकें रक्तावाटे वृषणांस व अंडाशयास हांक देतात. गति आवरणारा उलट दूतहि आहे. तो २००० सालीं लाव्यांतच सांपडला. मादी मात्र अधिक सावध असते. अन्न, घरटें व नराचें गाणें यांची खातरी पटल्यावांचून ती अंडीं घालीत नाहीं.

हें सारें सांगण्याचें कारण केवळ कुतूहल नव्हे. २०१३ सालीं जर्मन संशोधकांनीं ब्लॅकबर्ड पक्ष्यांस रात्रीं मंद उजेडांत ठेवून पाहिलें, तों त्यांचीं जननेंद्रियें जवळजवळ महिनाभर आधीं पक्व झालीं. पिलें वेळेपूर्वीं निघालीं आणि किडे मात्र निघाले नाहींत, तर त्यांस भरवील कोण? रोवननें दिवे लावले ते पिंजऱ्यांत, कांहीं शिकण्यासाठीं. आम्हीं ते गांवोगांव लावले, आणि पाखराला खोटा वसंत दाखविला. निदान रात्र ही रात्र राहूं देणें, एवढें तरी आपल्या हातीं आहे.