वास्तू राहिली, उपासक गेले

स्पेनच्या दक्षिणेस आंदालुसिया प्रांतात ग्वादलकिवीर नदीच्या उत्तर तीरावर कोर्दोबा नगरी वसली आहे. नदीचे नाव मूळ अरबी. त्याचा अर्थ ‘मोठी नदी’. माद्रिदहून वेगवान आगगाडीने पावणेदोन तासांत येथे पोचता येते. मी एकटाच गेलो होतो. कोणाची घाई नव्हती. म्हणून नगरात न रेंगाळता प्रथम नदी ओलांडली आणि दक्षिण तीरावरून रोमन पुलाने पुन्हा नगराकडे निघालो. सोळा कमानींचा हा पूल अनेकदा दुरुस्त झालेला आहे. रोमन काळी कोर्दोबा बेटिका प्रांताची राजधानी होती आणि तत्त्वज्ञ सेनेका येथेच जन्मला.

पुलाच्या टोकाशी दिसते ती येथली जगप्रसिद्ध वास्तू. लोक तिला अद्याप ‘मेस्किता’ म्हणजे मशीद म्हणतात. वस्तुतः ते बिशपचे मुख्य देवालय आहे. या दोन नावांतच तिचा इतिहास साठवला आहे.

इ. स. 711 मध्ये मुसलमानी सैन्य स्पेनमध्ये उतरले. 756 मध्ये दमास्कसच्या उमय्या घराण्यातील परागंदा राजपुत्र पहिला अब्द-अल-रहमान याने येथे स्वतंत्र राज्य स्थापिले आणि 785 च्या सुमारास मशिदीस आरंभ केला. त्या जागी पूर्वी सान व्हिसेंतेचे चर्च होते, अशी परंपरा आहे. आत शिरताच खांबांचे वन लागते. साडेआठशेंच्या आसपास खांब, त्यांवर एकीवर एक अशा दुहेरी कमानी, आणि कमानींत तांबड्या विटा व पांढरा दगड आळीपाळीने बसविलेले. पैकी कित्येक खांब जुन्या रोमन व व्हिसिगॉथ इमारतींतून आणलेले आहेत. म्हणून त्यांचे रंग आणि माथे एकसारखे नाहीत. दोन शतकांत मशीद तीनदा वाढविली गेली. शेवटची वाढ 987 च्या सुमारास अल-मन्सूर या वजिराने केली.

याच अल-मन्सूरने 997 मध्ये उत्तरेतील सांतियागो या ख्रिस्ती तीर्थक्षेत्रावर स्वारी करून तेथील घंटा ख्रिस्ती बंद्यांच्या खांद्यांवरून कोर्दोब्यास आणविल्या. 1236 मध्ये कास्तीलचा राजा तिसरा फेर्नांदो याने नगर जिंकले, तेव्हा त्याच घंटा मुसलमान बंद्यांच्या खांद्यांवरून परत धाडिल्या, असे बखरकार सांगतात. घंटा त्याच, वाट तीच. खांदे मात्र बदलले.

फेर्नांदोने मशीद पाडली नाही. तिचे चर्च केले. पुढे जवळजवळ तीनशे वर्षे तीत लहानमोठे फेरफार होत गेले, तरी तिचे रूप बहुतांशी कायम राहिले. 1523 मध्ये बिशप आलोन्सो मानरिके यांनी मधोमध उंच नवे देवालय बांधण्याचा घाट घातला. त्यास विरोध केला तो कोर्दोब्याच्या ख्रिस्ती नगरसभेने. निकाल लागेपर्यंत जो गवंडी वा पाथरवट या कामास हात लावील त्याला देहान्त शासन होईल, अशी दवंडीच तिने पिटविली. वाद सम्राट पाचव्या चार्ल्सकडे गेला. त्याने बिशपास अनुज्ञा दिली. पुढे ते काम पाहून, जे कोठेही आढळते त्यासाठी जे जगात एकमेव होते ते तुम्ही बिघडविले, असे तो हळहळून म्हणाल्याची आख्यायिका आहे. काम 1607 मध्ये पुरे झाले. आज खांबांच्या वनातून चालता चालता एकाएकी त्या उंच छताखाली आपण येतो, आणि दोन धर्मांची वास्तुकला एकमेकींना टेकून उभी दिसते.

जवळच जुन्या यहुदी वस्तीत 1315 मधील एक लहानसे प्रार्थनामंदिर आहे. 1492 मध्ये यहुद्यांना स्पेनमधून हाकलल्यावर तेथे इस्पितळ झाले, पुढे ते चांभारांच्या संघाकडे गेले. भिंतींवरील हिब्रू लेख गिलाव्याखाली झाकले होते. 1884 मध्ये ते पुन्हा उजेडात आले. मुसलमानांनाही 1502 मध्ये बाप्तिस्मा किंवा देशत्याग यांतून एक निवडावे लागले, आणि त्यांच्या बाटलेल्या वंशजांनाही 1609 ते 1614 या काळात देशाबाहेर घालविले. वास्तू राहिली, उपासक गेले.

गोमंतकीयाला तेथे स्वस्थ उभे राहवत नाही. ज्या चार्ल्सने ती अनुज्ञा दिली, त्याचा विवाह 1526 मध्ये पोर्तुगालच्या इझाबेलाशी झाला. तिचा भाऊ म्हणजे राजा तिसरा जुआंव. त्याच्याच कारकिर्दीत 1540 पासून तिसवाडीतील देवळे पाडली गेली, आणि 1560 नंतर साष्टी-बारदेशावर तोच प्रसंग ओढवला. तेथे कोणत्या नगरसभेने दवंडी पिटली नाही. देवळे वाचली नाहीत. पण कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास गेला, केळोशीची शांतादुर्गा कवळ्यास गेली, वेरण्याची म्हाळसा म्हार्दोळास गेली. त्या वेळी अंत्रुज महाल पोर्तुगीजांच्या ताब्यात नव्हता, विजापूरच्या आदिलशहाकडे होता. ज्याच्या धर्मात मूर्तिपूजा निषिद्ध, त्याच्या मुलखात देवांना आसरा मिळाला, हेही विसरता कामा नये.

कोर्दोब्यात दगड वाचले, कारण काही माणसांना परधर्मीयांनी बांधलेल्या वास्तूचे मोल कळले. आमच्याकडे दगड गेले, पण देव राहिला. कारण काही माणसांनी घरदार सोडून त्याला नदीपार नेले. सायंकाळी पूल ओलांडून परत निघालो तेव्हा मागे घंटा वाजत होती. ज्या मनोऱ्यातून ती वाजत होती, त्याच्या पोटात मशिदीचा जुना मिनार अजून उभा आहे. आज ज्या देवळांत आपण निर्वेधपणे आरती करतो, ती पाहताना या दोन्ही प्रकारच्या माणसांचे स्मरण ठेवणे, एवढे ऋण तरी आपल्याकडे लागते.