हायड्रॉलिक ब्रेकचे बिघाड (जुन्या मोटारींतील)

पॅडलवरचा दाब बंदिस्त नळ्यांतल्या द्रवामार्फत चाकांपर्यंत नेणाऱ्या यंत्रणेतील दोष, त्यांची लक्षणे व निदान. माल्कम लॉकहीड या अमेरिकन गृहस्थाने १९१७ साली या पद्धतीचे पेटंट घेतले. १९२१ च्या ड्यूसेनबर्ग मॉडेल ए या महागड्या गाडीत ती चारही चाकांवर आली. पुढे सामान्य माणसाच्या मोटारींनीही ती उचलली. १९४८ ते १९७१ या काळात इंग्लंडमध्ये निघालेली मॉरिस मायनर हे तिचे अभ्यासाला सोयीचे उदाहरण आहे. हिंदुस्तान मोटर्सची ‘बेबी हिंदुस्तान’ म्हणजे हीच मायनर. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेली फियाट ११००, म्हणजे पुढची पद्मिनी, हीदेखील चारही चाकांना ड्रम असलेली गाडी होती. त्यामुळे इथली बरीचशी तपासणी तिलाही लागू पडते.

जुन्या गाडीचे ब्रेक धावण्यापेक्षा उभे राहून जास्त बिघडतात. ग्लायकॉलवर आधारलेले नेहमीचे ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते. त्या पाण्याने सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर गंज चढतो, खड्डे पडतात आणि रबरी वॉशरची कड त्यांवर घासून फाटते. डॉट ३ प्रतीचे ताजे ऑइल किमान २०५ अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही; पुरेशी ओल शोषल्यावर मात्र ही मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येऊ शकते. घाट उतरताना पाय सतत ब्रेकवर ठेवला, की ऑइलमधल्या पाण्याची वाफ होते आणि पॅडल थेट तळाला जाते. गाडी थंड झाल्यावर तेच पॅडल पूर्ववत होते, म्हणून गॅरेजमध्ये दोष सापडत नाही. पॅडल घट्टच राहून गाडी थांबत नसेल, तर मात्र दोष ऑइलचा नव्हे. ड्रमला घासणारे, शूवरचे लायनर तापून निकामी झालेले असतात किंवा त्यांवर तेल-ग्रीस उतरलेले असते.

निदानाची सुरुवात पॅडलपासून करावी. ते स्पंजासारखे दबत असेल तर नळ्यांत हवा आहे. दाबून धरल्यावर हळूहळू खाली सरकत असेल आणि बाहेर कुठेही गळती नसेल, तर मास्टर सिलिंडरमधला, म्हणजे पॅडलने ऑइलवर दाब आणणाऱ्या मुख्य सिलिंडरमधला, वॉशर आतल्या आत ऑइल सोडतो आहे. दोन-तीनदा पंप मारल्यावर पॅडल वर येऊन घट्ट होत असेल, तर बहुधा शू आणि ड्रममधले अंतर वाढलेले असते. नेमक्या याच लक्षणावर अनेक मालक नवा मास्टर सिलिंडर विकत घेतात. मायनरमध्ये हा उतावळेपणा फारच महागात पडतो: तिचा मास्टर सिलिंडर ड्रायव्हरच्या पायाखाली, चॅसीच्या पोटात आहे आणि त्याचे बोल्ट बाहेर काढताना सस्पेन्शनचा टॉर्शन बार आडवा येतो. ऑइलची पातळी पाहायची तरी गालिचा उचलून झाकण काढावे लागते. साहजिकच ती वर्षानुवर्षे कोणी पाहत नाही. आधी चारही चाकांचे अ‍ॅडजस्टर आवळून, चाक मोकळे फिरेल इतपत सैल करून पाहावेत. निम्मी प्रकरणे तिथेच मिटावीत.

ब्रेक मारल्यावर गाडी डावीकडे ओढत असेल, तर बहुधा उजव्या चाकाचा ब्रेक लागत नसतो.

सर्वांत चकवणारा दोष म्हणजे पाय काढल्यावरही ब्रेक धरून राहणे. चारही चाके धरत असतील तर संशय मास्टर सिलिंडरवर घ्यावा: पॅडलकडून येणाऱ्या दांड्याला किंचितही प्ले उरलेला नसेल, किंवा ऑइल टाकीत परत जाण्याचे बारीक छिद्र बुजले असेल. कोणी चुकून इंजिन ऑइल ओतले असेल, तरी वॉशर फुगून हाच परिणाम होतो. मग सगळे रबरी भाग बदलण्यावाचून गत्यंतर नाही. एकच चाक धरत असेल तर ते जॅकवर उचलून त्याचे हवा काढण्याचे निपल सैल करावे. तरीही चाक सुटले नाही, तर पिस्टन, स्प्रिंग किंवा मागच्या चाकात हँडब्रेकची केबल अडकलेली आहे. ऑइल उडून चाक सुटले, तर दाब आत कोंडला होता. निपल आवळून पुन्हा ब्रेक दाबावा आणि या वेळी रबरी होजच्या अलीकडचा, धातूच्या नळीचा जोड सैल करावा. चाक सुटले तर दोष मागे, मास्टर सिलिंडरकडे. नाही सुटले तर होज आतून फुगून बंद झाला आहे. बाहेरून तो अगदी नवा दिसू शकतो!

हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करतात. उजव्या स्टिअरिंगच्या मायनरमध्ये ते मागचे डावे चाक. जुन्या सिलिंडरवर पॅडल पूर्ण तळापर्यंत दाबू नये, कारण एरवी न वापरल्या जाणाऱ्या गंजक्या भागावर वॉशर फाटतो. सांडलेले ऑइल रंग खाते, ते लगेच पाण्याने धुवावे. सिलिकॉनचे डॉट ५ ऑइल पाणी शोषत नाही, पण नेहमीच्या ऑइलमध्ये ते मिसळता येत नाही. ड्रममधली धूळ हवेच्या झोताने कधीही उडवू नये. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असते.

या गाड्यांत चारही चाकांना मिळून ऑइलच्या नळ्यांचे एकच मंडल असते. एक होज फुटला की चारही ब्रेक एकदम जातात. अमेरिकेने १९६८ पासून नव्या मोटारींना दुहेरी मंडल सक्तीचे केले ते याच कारणाने. मायनरमध्ये अशा वेळी उरतो तो केबलवर चालणारा हँडब्रेक, तोही फक्त मागच्या चाकांवर. म्हणून रस्त्यावर चाचणी घेण्यापूर्वी त्याची केबल तपासून घ्यावी.