नऊ नळ्यांची मोळी

गगनचुंबी इमारतीचा मुख्य शत्रू तिचा स्वतःचा भार होय, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः मजले चढत जातात, तसतसा खरा प्रतिस्पर्धी ठरतो तो वारा. भार खाली दाबतो. वारा आडवा रेटतो. हा रेटा सोसण्यासाठी खांब व तुळया जाड करीत गेल्यास पोलादाचा खर्च बेसुमार वाढतो आणि विशिष्ट उंचीपुढे इमारत परवडेनाशी होते.

या अडचणीतून वाट काढली ती फजलूर रहमान खान या अभियंत्याने. १९२९ साली पूर्व बंगालमध्ये जन्मलेल्या खान यांचे काही शिक्षण हावड्यानजीकच्या शिवपूर येथे झाले. १९५२ साली ते अमेरिकेत गेले व पुढे शिकागोत स्थिरावले. इमारतीचे बळ पोटात न साठवता तिच्या बाह्यांगावर आणावे, हा त्यांचा विचार. बाहेरचे खांब जवळजवळ उभारून ते तुळयांनी घट्ट जखडले, की सारी इमारत एका पोकळ नळीसारखी वागते. बांबू पोकळ असूनही ताठ उभा राहतो, त्यातलाच हा प्रकार.

सीअर्स या व्यापारी कंपनीच्या मनोऱ्यासाठी खान व वास्तुशिल्पी ब्रूस ग्रॅहम यांनी याच तत्त्वाचा विस्तार केला. प्रत्येकी ७५ फूट बाजूच्या नऊ चौरस नळ्यांची जणू मोळीच बांधली. एक काठी वाकते. मोळी वाकत नाही. पन्नासाव्या मजल्याशी दोन नळ्या थांबतात, सहासष्टाव्याशी आणखी दोन, नव्वदाव्याशी तीन. उरलेल्या दोनच माथा गाठतात. ११० मजल्यांचा, ४४२ मीटर उंचीचा हा मनोरा १९७३ साली पूर्ण उंचीस पोहोचला.

त्याचे बांधकाम चालू असतानाच, १९७१ साली, खान यांची मायभूमी मुक्तिसंग्रामाच्या वणव्यात सापडली. शिकागोतील बंगाली बांधवांना संघटित करून त्यांनी पीडितांसाठी साहाय्य उभे केले. १९८२ साली, अवघ्या बावन्नाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

सर्वोच्चतेचा मान १९९८ साली क्वालालंपूरच्या पेट्रोनास मनोऱ्यांकडे गेला. सीअर्स कंपनीने त्यापूर्वीच ती वास्तू सोडली होती. २००९ साली तिचे नावही बदलून विलिस टॉवर झाले. परंतु खान यांच्याच संस्थेने पुढे दुबईत ८२८ मीटर उंचीचा बुर्ज खलिफा रचला, तेव्हा तेथेही वाऱ्याला तोंड देण्यासाठी परस्परांना आधार देणाऱ्या अंगांचीच योजना करावी लागली. धन्याचे नाव पुसले गेले. अभियंत्याचा विचार मात्र टिकला.