चित्रातील स्त्री आणि तिची दृष्टी

चित्रातील स्त्रीकडे आपण पाहतो. ती कोणाकडे पाहते, याकडे मात्र आपले लक्ष क्वचितच जाते. वस्तुतः चित्रकलेच्या इतिहासात स्त्रीला कोणते स्थान लाभले, याचा पुष्कळसा उलगडा या एका प्रश्नाने होण्यासारखा आहे. तिच्या वस्त्रालंकारांवरून चित्र करवून घेणाऱ्याचे वैभव कळते. तिच्या दृष्टीवरून, तिला स्वतःचे मन आहे असे चित्रकाराने मानले की नाही, हे कळते. निरनिराळ्या काळांतील काही चित्रे या कसोटीवर लावून पाहण्याचे आम्ही येथे योजिले आहे.

आरंभ आपल्या घरच्या ठेव्यापासून करणे उचित होय. अजिंठ्याचे सोळावे लेणे वाकाटक नृपती हरिषेण याचा सचिव वराहदेव याने पाचव्या शतकात कोरवून घेतले. त्यातील एक भित्तिचित्र 'मरणोन्मुख राजकन्या' या नावाने प्रसिद्ध आहे. ही स्त्री म्हणजे बुद्धाचा सावत्र भाऊ नंद याची पत्नी सुंदरी होय, असे अभ्यासक मानतात. पतीने प्रव्रज्या घेतल्याची वार्ता त्याच्या मुकुटासह येऊन पोचली आहे. सुंदरीची मान कललेली, पापण्या मिटत आलेल्या. एक दासी तिला मागून सावरून धरीत आहे. ती कोणाकडेच पाहत नाही. हे चित्र भिक्षूंच्या विहारात रंगविले गेले, ही गोष्ट आम्हांस विशेष वाटते. स्त्री म्हणजे मोक्षमार्गातील धोंड, एवढेच तेथे दाखविले असते तरी कोणी नवल केले नसते. परंतु पतीच्या त्यागाची किंमत घरी कोणी मोजली, हेही त्या अनामिक चित्रकाराने भिंतीवर नोंदवून ठेवले.

आता हजार वर्षे पुढे, इटलीतील फ्लॉरेन्स नगरीत येऊ. तेथील श्रीमंत व्यापारी कुटुंबांत सुनांची चित्रे काढविण्याची प्रथा होती. गिर्लांदायो याने रंगविलेले जोव्हाना तोर्नाबुओनी हिचे चित्र आज माद्रिद येथे आहे. तिचा चेहरा एका बाजूने दाखविला आहे. आपण तिच्याकडे हवा तितका वेळ पाहावे. तिची नजर आपल्या नजरेला भिडणार नाही. अंगावर मोलाचे जडजवाहीर आहे, आणि तिच्या वस्त्रावर पती लोरेंझो याच्या नावाचे आद्याक्षर विणलेले आहे. चित्रावर १४८८ हे साल घातले आहे. ते तिच्या मृत्यूचे साल होय. ती जेमतेम विशीची होती. चित्र सुंदर आहे यात शंका नाही. पण त्यात स्त्रीपेक्षा घराणेच अधिक दिसते.

युरोपीय चित्रकारांच्या विशेष आवडीचा दुसरा एक विषय म्हणजे सुझानाची कथा. बायबलच्या परंपरेतील दानिएलाच्या ग्रंथाशी ही कथा निगडित आहे. सुझाना उद्यानात स्नान करीत असता दोन वृद्ध न्यायाधीश लपून तिला पाहतात, आणि वश न झाल्यास व्यभिचाराचा आळ घेऊ अशी धमकी देतात. ती नकार देते. तिला मृत्युदंड ठरतो. तेवढ्यात तरुण दानिएल पुढे होऊन त्या दोघांची साक्ष वेगवेगळी घेतो. प्रसंग कोणत्या झाडाखाली घडला, असे विचारताच दोघे दोन झाडांची नावे सांगतात, आणि त्यांचे असत्य उघडे पडते. अधिकारपदावरील माणसांनी अधिकाराचा कसा दुरुपयोग केला, याची ही कथा आहे.

परंतु व्हेनिसचा थोर चित्रकार तिंतोरेत्तो याने १५५५ च्या सुमारास रंगविलेल्या चित्रात काय दिसते? सुझाना आरशात आपले रूप न्याहाळीत निवांत बसली आहे. भोवती अलंकार आणि प्रसाधने विखुरली आहेत. वृद्ध कुंपणाआड आहेत खरे, पण प्रेक्षकाला ती त्यांच्यापेक्षाही अधिक स्पष्ट दिसते. कथेने ज्याचा निषेध केला तेच करण्याची सोय चित्राने करून दिली.

१६१० साली रोममधील सतरा वर्षांच्या आर्तेमिसिया जेंतिलेस्की हिने हाच विषय हाती घेतला. तिच्या चित्रात उद्यान नाही, आरसा नाही. थंड दगडी बैठकीवर सुझाना अंग आखडून बसली आहे. कठड्यावरून दोघे पुरुष तिच्यावर ओणवले आहेत, आणि एकाने गप्प राहण्याची खूण म्हणून ओठांवर बोट ठेवले आहे. तिने तोंड फिरविले आहे व दोन्ही हात त्यांना अडविण्यासाठी उचलले आहेत. पुढच्याच वर्षी चित्रकार आगोस्तिनो तास्सी याने आर्तेमिसियेवर बलात्कार केला. १६१२ सालच्या दीर्घ खटल्यात तिचे म्हणणे खरे की खोटे हे पारखण्यासाठी तिच्याच बोटांना दोऱ्या आवळण्यात आल्या. तास्सी दोषी ठरला. तथापि चित्र या घटनेच्या आधीचे आहे, हे विसरता कामा नये. तिच्या दुःखाची ती केवळ नोंद नव्हे. ती विषयाची तिला आलेली समज आहे. १६१६ मध्ये फ्लॉरेन्सच्या चित्रकला अकादमीने तिला सदस्यत्व दिले. असा मान मिळालेली ती पहिली स्त्री होय.

अशा स्त्रिया विरळा का, याचे उत्तर प्रतिभेत शोधण्याचे कारण नाही. विद्यालयांची दारेच बंद होती. पॅरिसच्या सुप्रसिद्ध सरकारी कलाविद्यालयात स्त्रियांना प्रवेश मिळाला तो १८९७ साली.

इकडे आपल्या देशात याच सुमारास राजा रविवर्मा यांची चित्रे घरोघर पोचत होती. १८९४ मध्ये त्यांचा छापखाना मुंबईत सुरू झाला व पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. तेथील लक्ष्मी-सरस्वतींनी मराठी देवघरांत स्थान मिळविले. त्यांच्या देवी भक्ताकडे थेट पाहतात. दर्शन हे दोन्ही बाजूंनी घडते अशी आपली श्रद्धाच आहे. पण त्यांची शकुंतला? ती पायातील काटा काढण्याच्या मिषाने मागे वळून दुष्यंताला शोधते. देवीच्या दृष्टीला स्वतःचे सामर्थ्य आहे. मानवी स्त्रीची दृष्टी मात्र प्रियकराभोवतीच फिरते.

पॅरिसच्या त्याच विद्यालयात १९३० नंतर अमृता शेरगिल शिकल्या. १९३४ च्या अखेरीस त्या भारतात परतल्या, आणि १९३५ मध्ये त्यांनी 'तीन मुली' हे चित्र रंगविले. १९३७ साली त्याला बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. तिघी मुली जवळजवळ बसल्या आहेत. त्या आपल्याकडे पाहत नाहीत, परस्परांकडेही पाहत नाहीत. अलंकारांचा दिमाख नाही, कोणाला मोहविण्याचा यत्न नाही. प्रत्येकीच्या मनात आपापल्या भवितव्याचा विचार चालला असावा, इतकेच जाणवते. पुढे अमृताबाईंनी अजिंठा पाहिला, आणि १९३७ च्या 'वधूचा शृंगार' या चित्रात त्या दर्शनाचा ठसा स्पष्ट उमटला. १९४१ साली लाहोर येथे अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. स्त्रीचे मन स्त्रीनेच रंगवावे असा सिद्धांत मांडण्याचा आमचा हेतू नाही. सुंदरीचा चित्रकार बहुधा पुरुषच असावा, आणि आधुनिक चित्रकर्तीने त्याच परंपरेकडून शिकण्यात कमीपणा मानला नाही. मात्र त्या चित्रकाराला जे साधले ते शतकानुशतके पुष्कळांनी साधावयाचेच टाळले, हेही तितकेच खरे.

दिल्लीत असणाऱ्या वा कामानिमित्त येणाऱ्या आमच्या वाचकांस जयपूर हाऊसमधील राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय परके नाही; १९५४ साली उघडलेल्या या संस्थेत अमृताबाईंच्या चित्रांचा मोठा संग्रह आहे. सुटीच्या दिवशी मुलाबाळांना घेऊन तेथे अवश्य जावे. मुलींना 'किती सुंदर आहे ना?' एवढेच विचारून पुढे सरकू नये. ही बाई कोणाकडे पाहते आहे, आणि तिच्या मनात काय चालले असेल, असे विचारावे, व त्या काय उत्तर देतात ते ऐकण्यास थोडे थांबावे.