मार्गशीर्षातील ढग आणि ज्येष्ठातील पाऊस

प्राचीन भारतीय पर्जन्यविचारात पुढील पावसाचा अंदाज बांधण्याचे काम उन्हाळा सरताना सुरू होत नसे. ते थंडीच्या पहिल्या पंधरवड्यात, मार्गशीर्षाच्या शुद्ध पक्षात सुरू होई आणि पुढे चैत्रापर्यंत अखंड चाले. वराहमिहिराने इसवी सनाच्या सहाव्या शतकात रचलेल्या बृहत्संहितेत या विषयाला ‘गर्भलक्षण’ असे नाव असून त्यासाठी स्वतंत्र अध्याय योजला आहे. हिवाळ्यातील ढग, वारा, वीज, चंद्र-सूर्याभोवतीचे खळे आणि संधिप्रकाशाचा रंग यांवरून आकाशात पावसाचा गर्भ राहिला की नाही हे ओळखायचे आणि त्या गर्भाचा प्रसव, म्हणजे प्रत्यक्ष वृष्टी, १९५ दिवसांनी होईल असे धरायचे, हा या शास्त्राचा गाभा होय. ज्या नक्षत्रात चंद्र असताना गर्भ राहिला त्याच नक्षत्रात चंद्र असताना तो प्रसवतो. शुद्ध पक्षातला गर्भ वद्य पक्षात, दिवसाचा रात्री आणि संध्याकाळचा सकाळी पाऊस देतो, असेही नियम तेथे सांगितले आहेत.

हे नियम वरवर पाहता काव्यमय वाटतात, परंतु त्यांच्यामागे काटेकोर गणित आहे. १९५ हा आकडा तिथींचा धरला तर तो बरोबर साडेसहा चांद्रमासांइतका होतो, आणि साडेसहा महिन्यांनी पक्ष उलटणे अपरिहार्यच असते. शिवाय १९५ तिथींचे सावन दिवस, म्हणजे सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंतचे दिवस, मोजले तर ते सुमारे १९२ भरतात, आणि चंद्राच्या नक्षत्रमंडळातील सात फेऱ्यांना १९१ दिवसांहून किंचित अधिक काळ लागतो. त्यामुळे तेवढ्या अवधीनंतर चंद्र जवळपास पूर्वीच्याच नक्षत्रात परत आलेला असतो. गर्भनिरीक्षणाचा आरंभ मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेपासून, चंद्र पूर्वाषाढा नक्षत्रात आला म्हणजे करावा असे बृहत्संहिता सांगते, तर पावसाचे प्रत्यक्ष माप ज्येष्ठी पौर्णिमा उलटल्यावर पूर्वाषाढेपासूनच धरावे असे तिच्या पुढील एका अध्यायात म्हटले आहे. या दोन सूचनांमधले अंतर साडेसहा महिन्यांचेच आहे. पावसाळ्याच्या आरंभापासून मागे मोजत येऊन निरीक्षणाचा पहिला दिवस ठरवला गेला असावा, हा तर्क त्यामुळे अगदीच निराधार ठरत नाही.

लक्षणांचा तपशीलही नुसता ठरीव नाही. मार्गशीर्ष आणि पौष या महिन्यांत संध्याकाळी आकाश तांबूस व्हावे, ढगांना खळे असावे. मार्गशीर्षात थंडी फार कडक नसावी आणि पौषात हिमपात अतिरेकी नसावा. माघात मात्र जोराचा वारा, कडाक्याचे गारठणे आणि निस्तेज सूर्य-चंद्र हेच शुभ मानावे, अशी महिन्यागणिक बदलणारी वर्णने तेथे आढळतात. दिवसरात्र लक्ष ठेवून बसणाऱ्या दैवज्ञाचेच पर्जन्यकथन खरे ठरते, असा निर्वाळाही वराहमिहिराने दिला आहे. ‘कृषिपराशर’ या संस्कृत कृषिग्रंथातील पद्धत शेतकऱ्याच्या अधिक आवाक्यातली आहे: पौष महिन्याचे अडीच-अडीच दिवसांचे बारा भाग पाडायचे, प्रत्येक भाग वर्षातील एकेका महिन्याचा प्रतिनिधी मानायचा आणि त्या त्या भागात वारा कोणत्या दिशेने वाहतो हे पाहून त्या महिन्याच्या वृष्टीचा किंवा अवर्षणाचा निर्णय करायचा.

या परंपरेकडे आज पाहताना एक अडचण लक्षात घ्यावी लागते. भारतीय पंचांगातील महिने आणि नक्षत्रे निरयन, म्हणजे स्थिर ताऱ्यांच्या संदर्भाने मोजलेली असतात, तर ऋतू सूर्याच्या विषुववृत्तापासूनच्या अंतरावर, म्हणजे सायन वर्षावर, अवलंबून असतात. पृथ्वीच्या अक्षाच्या संथ भ्रमणामुळे, ज्याला अयनचलन म्हणतात, निरयन आणि सायन या दोन वर्षमानांत सुमारे ७० वर्षांत एक दिवस इतका फरक पडत जातो. वराहमिहिरापासून आजवर हा फरक वीस दिवसांच्या घरात गेला आहे. आज सूर्य ७ किंवा ८ जूनच्या सुमारास मृग नक्षत्रात प्रवेश करतो आणि कोकणात मोसमी पाऊसही साधारण त्याच सुमारास दाखल होतो, म्हणून मृग आणि पेरणी यांची सांगड मराठी शेतकऱ्याला अनादि वाटते. परंतु बृहत्संहितेच्या काळी मृगाचा आरंभ मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास होत होता. मार्गशीर्षाचेही तसेच आहे. त्यामुळे जुन्या लक्षणांचा पडताळा आजच्या पंचांगातील त्याच नावाच्या महिन्यात घेऊ पाहणारा अभ्यासक, त्याच्या नकळत, ऋतूच्या हिशेबाने तीन आठवडे उशिरा आकाशाकडे पाहत असतो. मार्गशीर्षात महाराष्ट्रावर येणारे ढग बंगालच्या उपसागरातील वादळांमुळे, परतलेल्या ईशान्य वाऱ्यांमुळे किंवा उत्तरेकडून जाणाऱ्या पश्चिमी विक्षोभांमुळे येतात, आणि त्यांचा साडेसहा महिन्यांनंतरच्या पावसाशी कोणताही संबंध आधुनिक हवामानशास्त्र मानत नाही, हेही येथेच नोंदवणे योग्य होईल.

पाऊस मोजण्याची कल्पनाही जुनीच आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोष्ठागारात, म्हणजे सरकारी धान्यकोठारात, एक अरत्नी (सुमारे एक हात) रुंदीचे पात्र पर्जन्यमापनासाठी ठेवण्याची सूचना असून प्रदेशवार पावसाची द्रोण या मापातील प्रमाणे दिली आहेत. कोरड्या जांगल प्रदेशात सोळा द्रोण, पाणथळ प्रदेशात त्याच्या दीडपट, अवंतीत तेवीस, गोदावरीकाठच्या अश्मकात तेराच्या आसपास, आणि अपरान्तात, म्हणजे कोकणपट्टीत, अमित, असा तो तक्ता आहे. मराठवाड्याच्या तुटीचा आणि कोकणाच्या अतिवृष्टीचा याहून जुना लेखी उल्लेख दाखवणे कठीण आहे. कोकणापुढे आकडा न घालता ‘अमित’ म्हणून मोकळे होणारा हा लेखक बहुधा घाट उतरून पावसाळ्यात कधी कोकणात गेला नसावा. मापाचे पात्र तेथेही भरलेच असते, फक्त ते वारंवार रिकामे करावे लागले असते.

मात्र पात्र होते, एकके होती आणि दिवसरात्र जागणारा निरीक्षकही होता, तरी सलग वर्षांच्या नोंदवह्या या परंपरेतून हाती आलेल्या नाहीत. कोणत्या वर्षी गर्भ चांगला राहूनही पाऊस पडला नाही, कोणत्या वर्षी लक्षणे प्रतिकूल असून नद्या दुथडी वाहिल्या, हे लिहून ठेवल्याशिवाय नियम सुधारत नाहीत. पुढे पंचांगाने तर आकाश पाहण्याचीही गरज उरू दिली नाही. प्रत्येक पर्जन्यनक्षत्राला जे वाहन दिले जाते, ते सूर्यनक्षत्रापासून चंद्रनक्षत्रापर्यंत मोजून आलेल्या संख्येला नऊने भागून जी बाकी उरेल तिच्यावरून ठरते. बेडूक, म्हैस, हत्ती आले तर भरपूर पाऊस, मोर किंवा गाढव आले तर मध्यम, कोल्हा किंवा मेंढा आला तर ओढ. हे गणित वर्षभर आधी, घरात बसून, ढगाचा एक तुकडाही न पाहता करता येते. निरीक्षणाचा वारसा उलट सहदेव-भाडळीच्या नावावर खपणाऱ्या चोपड्यांत आणि कावळ्याच्या घरट्याची जागा, टिटवीची अंडी, बहाव्याचा फुलोरा पाहणाऱ्या गावकऱ्यांत अधिक टिकला.

नोंदवहीचा प्रवेश एकोणिसाव्या शतकात झाला, आणि तो प्रथम हौशी माणसांच्या हातून झाला. मुंबई सरकारच्या सेवेत सांख्यिकी माहिती गोळा करण्यासाठी दख्खनभर फिरणारे विल्यम हेन्री साइक्स हे पेशाने लष्करी अधिकारी होते. १८२५ ते १८३० या काळात त्यांनी वायुभारमापक आणि तापमापक सोबत बाळगून केलेली निरीक्षणे १८३५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. हवेचा दाब सकाळी नऊ-दहाच्या सुमारास चढतो, दुपारी चार-पाचला उतरतो आणि रात्री पुन्हा चढतो, ही दैनंदिन भरती-ओहोटी त्यांनी दख्खनच्या पठारावर नियमाने पडताळून पाहिली, आणि हिवाळी दव एका जागी पडते व शेजारी पडत नाही या स्थानिक विषमतेचीही दखल घेतली. मुंबईत कुलाब्याची वेधशाळा १८२६ मध्ये उभी राहिली असली तरी तेथील नियमित हवामाननोंदी १८४१ पासून सुरू झाल्या. आर्थर ऑर्लेबार यांच्या हाताखाली तेथे काम करणाऱ्यांत पुढे गणितज्ञ म्हणून नावाजलेले केरो लक्ष्मण छत्रे होते. त्यानंतर काही काळ वेधशाळेची सूत्रे जॉर्ज बुइस्ट यांच्याकडे होती. ते मूळचे वृत्तपत्राचे संपादक, आणि भारतातील गारपिटींच्या वार्ता जमवण्याचा त्यांना छंद होता.

पावसापुरते बोलायचे तर या हौशी परंपरेचा खरा संघटक इंग्लंडात झाला. जॉर्ज जेम्स सायमन्स (१८३८–१९००) यांनी १८६० सालच्या १६८ ठिकाणांच्या नोंदी एकत्र छापून आरंभ केला, आणि त्यांच्या मृत्यूपर्यंत ही संख्या तीन हजारांच्या वर गेली होती. हे निरीक्षक बहुतांशी पाद्री, डॉक्टर, जमीनदार, बागांचे माळी असे लोक असून कामाचा मोबदला घेत नसत. सायमन्स यांचे मोठेपण माणसे जमवण्याइतकेच त्यांना एका शिस्तीत आणण्यात होते, कारण त्यापूर्वी कोणाचे पात्र छपरावर असे, कोणाचे अंगणात, आणि आकडे एकमेकांशी जुळत नसत. विल्टशरमधील काल्न येथे आणि अन्यत्र स्वयंसेवकांनी वेगवेगळ्या उंचीवर मापके ठेवून दीर्घकाळ प्रयोग केले, तेव्हा मापक जितका उंच तितका वाऱ्यामुळे थेंब बाजूला उडून पाऊस कमी भरतो, हे निर्विवाद दिसून आले. त्यातून पाच इंच व्यासाचे नरसाळे, आत बाटली, आणि जमिनीपासून एक फूट उंचीवर काठ, असे रूप रूढ झाले.

हेच ‘सायमन्सचे पर्जन्यमापक’ पुढे भारतातील तालुक्यांच्या मामलेदार कचेऱ्यांच्या आवारात बसले आणि पिढ्यान्‌पिढ्या शाळेच्या भूगोलात चितारले गेले. सकाळी ठरल्या वेळी (आता साडेआठला) बाटलीतले पाणी आखलेल्या काचेच्या नळीत ओतायचे, नळी डोळ्यांच्या पातळीवर धरून पाण्याच्या वक्र पृष्ठभागाचा तळ वाचायचा आणि पाऊस नसला तरी शून्य लिहायचेच, एवढेच ते काम. पण शून्य लिहिले नाही तर कोरडा दिवस आणि रजेवर गेलेला कारकून यांत फरक करता येत नाही, ही गोष्ट जुने आकडे तपासणाऱ्या प्रत्येकाच्या अनुभवाची आहे. तारखेचाही एक बारकावा आहे: ब्रिटनमध्ये सकाळी मोजलेला पाऊस आदल्या दिवसाच्या नावे लिहितात, भारतात तो मोजणीच्या दिवसाच्या नावे लिहिला जातो. म्हणूनच २६ जुलै २००५ रोजी मुंबईच्या सांताक्रूझ केंद्रावर कोसळलेला ९४४ मिलिमीटर पाऊस सरकारी तक्त्यात २७ जुलैला सापडतो. त्याच चोवीस तासांत कुलाब्याला अवघा ७३ मिलिमीटर पाऊस झाला होता.

तालुकावार नोंदींनी पहिली गोष्ट सिद्ध केली ती हीच, की पावसाला जिल्ह्याची सरासरी लावणे फसवे असते. महाबळेश्वरावर वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो आणि तेथून तिसेक किलोमीटर पूर्वेला वाईला तो हजाराच्याही आत येतो. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरांत हे आकडे छापले गेले आणि १८७५ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय हवामान विभागाला तयार शिदोरी मिळाली. विभागाचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी १८७७ च्या आगेमागे पडलेल्या दुष्काळानंतर मोसमी पावसाचे पूर्वानुमान शोधताना पुन्हा हिवाळ्याकडेच वळून पाहिले: हिमालयात हिवाळा-वसंतात बर्फ अधिक पडले तर पुढील पाऊस कमी होतो, असा संबंध त्यांनी १८८४ मध्ये मांडला आणि १८८६ पासून नियमित दीर्घकालीन अंदाज प्रसिद्ध होऊ लागले. पौषातील अतिहिमपात अशुभ मानणाऱ्या वराहमिहिराशी हे मत जुळते, असे सांगण्याचा मोह अनेकांना होईल. तो आवरणे बरे, कारण ब्लॅनफर्ड यांच्या हाती वर्षावर्षांचे आकडे होते, आणि पुढे विभागाचे प्रमुख झालेल्या गिल्बर्ट वॉकर यांना त्याच आकड्यांच्या आधारे त्या नियमाची मर्यादा तपासून जगभरच्या वायुभाराकडे वळता आले.

महाराष्ट्रात आता महसूल मंडळांच्या पातळीवर स्वयंचलित केंद्रे आहेत आणि चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला तर ती अतिवृष्टी धरली जाते. एका मंडळात अनेक गावे असतात आणि वळवाची सर एखाद्या शिवारापुरतीच पडते, म्हणून केंद्रावर ६० आणि बांधावर ९० असा वाद जागोजागी होतो. नाशिक जिल्ह्यातील द्राक्षबागाईतदाराला तर मार्गशीर्षातलेच ढग पुन्हा महत्त्वाचे झाले आहेत. घड भरण्याच्या दिवसांत अवकाळी शिंतोडा पडला तर डावणी या बुरशीरोगावरची फवारणी आणि निफाडकडे पारा उतरला तर मणी तडकू नयेत म्हणून बागेत पेटवलेल्या शेकोट्या, हे दोन्ही निर्णय त्याला चोवीस तासांत घ्यावे लागतात. त्यासाठी त्याने बांधावर रोवलेला प्लॅस्टिकचा पर्जन्यमापक आणि घराच्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत पेन्सिलीने लिहिलेले आकडे कोणत्याही सरकारी तक्त्यात जात नाहीत.