फटफटीचा घसा मोकळा झाल्यावर

लंडनचे ‘एस कॅफे’ १९३८ साली निघाले ते मालमोटारवाल्यांसाठी. १९६० च्या सुमारास मात्र तेथे फटफटीवाल्या पोरांनी ठाण मांडले होते. जुनी फटफटी घ्यायची, मूळचा सायलेन्सर काढायचा आणि कर्ण्यासारखे रुंद तोंडाचे नळकांडे बसवायचे. आवाज असा, की कानठळ्या बसाव्यात!

पण धूर मोकळा सुटू लागला, की इंजिन बहुधा हवा अधिक ओढते, आणि पेट्रोल मात्र त्या मानाने कमी पडते. वास्तविक एक भार पेट्रोलाला सुमारे पंधरा भार हवा पुरते. पेट्रोल फारच तुटले तर इंजिन भलतेच तापते. प्रसंगी पिस्टनला भोक पडते. तेव्हा हौस पुरवायची तर कार्ब्युरेटरची मनधरणी आलीच. इंग्रजी फटफट्यांवर तो बहुधा बर्मिंगहॅमच्या ‘अमल’ कंपनीचा असे. त्यातला पितळी जेट काढून किंचित मोठ्या भोकाचा घालायचा, फटफटी भरधाव सोडायची, क्लच दाबून इंजिन एकदम बंद करायचे आणि स्पार्क प्लग काढून पाहायचा. पांढराफटक असेल तर पेट्रोल कमी, काजळलेला असेल तर जास्त; तपकिरी निघाला की जमले. वैद्याने रोग्याची जीभ पाहावी तसेच हे! दंग्यापेक्षा आम्हांस या पोरांच्या चिकाटीचे अधिक कौतुक वाटते. कारण एवढ्याने भागत नसे. मध्यम वेगाला इंजिन अडखळलेच, तर कार्ब्युरेटरमधली सुई एक खाच वर उचलून पुन्हा सारे पहिल्यापासून.