गारव्याचा धंदा

१२ मे १८३३ रोजी अमेरिकेतील बोस्टन बंदरातून ‘टस्कनी’ नावाचे जहाज हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांतून कापून काढलेला १८० टन बर्फ घेऊन निघाले आणि दोन वेळा विषुववृत्त ओलांडून, चार महिन्यांच्या सफरीनंतर कलकत्त्यास लागले, तेव्हा त्या मालापैकी सुमारे १०० टन शाबूत होता. फ्रेडरिक ट्यूडर या व्यापाऱ्याचा हा उद्योग थोड्याच अवधीत मुंबईसही येऊन पोहोचला, तेथील प्रतिष्ठितांनी वर्गणी काढून बर्फ साठविण्यासाठी इमारत उभी केली, आणि जमशेटजी जीजीभाईंनी आपल्याकडील एका मेजवानीत आइस्क्रीम वाढले तेव्हा यजमान व पाहुणे या दोघांनाही पडसे झाल्याची वार्ता ‘मुंबई समाचार’ने दिली. ती देताना संपादकांच्या मनात सहानुभूती किती होती आणि समाधान किती होते याचा निवाडा आता कोण करणार? परंतु विकतच्या गारव्याकडे संशयाने पाहण्याची आपली वृत्ती बरीच जुनी आहे, एवढे त्यावरून दिसते.

पुढे यंत्रावर तयार होणाऱ्या बर्फाने या विलायती बर्फाला बाजारातून हुसकावून लावले. त्याचे माप मात्र मागे राहिले. ‘शेठ, तुमच्या दुकानाला दीड टन लागेल,’ असे एसीचा मेकॅनिक सांगतो तेव्हा तो यंत्राचे वजन सांगत नसतो; २००० पौंड बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो तेवढीच उष्णता त्याच अवधीत खोलीबाहेर टाकण्याची शक्ती ज्या यंत्रात आहे ते एक टनाचे, हा त्याचा हिशेब असतो.

बर्फाच्या आधी आणि नंतरही या देशात गारव्याची देशी साधने होतीच. कचेऱ्यांतून आणि साहेबांच्या बंगल्यांतून छताला टांगलेला झालरीचा पंखा दोरीने ओढणारा मनुष्य रोजावर ठेवलेला असे. दारे-खिडक्यांना वाळ्याचे पडदे लावून त्यांवर पाणी शिंपडले जाई. यातील दुसरा उपाय नागपूर-अमरावतीकडे, जेथे वैशाखातील वारा कोरडा असतो आणि पाण्याची वाफ झपाट्याने होते तेथे, फार गुणकारी. विदर्भात घरोघरी दिसणारा कूलर हा त्या पडद्याचाच यांत्रिक वंशज होय. मुंबईची हवा मात्र समुद्रावरून येताना मुळातच ओली असते, आणि तीत आणखी पाणी मिसळले तर अंगाचा चिकचिकाट वाढण्यापलीकडे काही निष्पन्न होत नाही. हवेतील उष्णतेबरोबर तिचा ओलावाही काढून टाकणारे यंत्र येईपर्यंत मुंबईच्या दुकानदाराला उन्हाळा सोसण्यावाचून गत्यंतर नव्हते, आणि ते यंत्र आल्यावर त्याला मुंबईइतकी पक्की बाजारपेठ देशात क्वचितच दुसरी सापडली असेल, याचे कारण हेच.

तथापि ही सारी खटपट आरंभी माणसाच्या सुखासाठी झालेली नाही, ही गोष्ट विसरली जाते. जमशेटजी टाटांनी १८७७ च्या पहिल्या दिवशी नागपुरास सुरू केलेल्या एम्प्रेस मिलमध्ये हवेत दमटपणा आणण्याची यंत्रे बसविली गेली ती तेथील कोरड्या हवेत सूत तुटू नये म्हणून. विलिस कॅरियर या अमेरिकन इंजिनियराने १९०२ मध्ये ज्या यंत्राचा आराखडा केला, ज्यापासून आधुनिक वातानुकूलनाचा इतिहास सांगण्याचा प्रघात आहे, ते ब्रुकलिनमधील एका रंगीत छापखान्यासाठी होते. उन्हाळ्याच्या दमट दिवसांत कागद फुगे आणि एकावर एक छापायचे रंग जागच्या जागी बसत नसत, ही त्या छापखान्याची अडचण होती. आधी सूत, आधी कागद, मग गिऱ्हाईक आणि सर्वांत शेवटी कामकरी, असाच हा क्रम पुढेही राहिला.

गिऱ्हाइकाची पाळी आली ती चित्रपटगृहांतून. कुलाब्याच्या तोंडाशी १९३३ मध्ये उघडलेले रीगल हे देशातील आरंभीच्या वातानुकूलित चित्रपटगृहांपैकी एक, आणि १९३८ मध्ये मेट्रो व इरॉस यांनी तीच वाट धरली. १९४३ मध्ये मोहन अडवाणी यांनी ब्लू स्टारचा आरंभ केला तो वापरलेली शीतयंत्रे दुरुस्त करून देण्याच्या धंद्याने. १९५४ मध्ये टाटा आणि फोल्कार्ट ब्रदर्स यांच्या भागीदारीतून व्होल्टास निघाली. तरीही सरकारदरबारी एसीची गणना दीर्घकाळ चैनीच्या वस्तूंत होत राहिल्यामुळे आणि त्यावरील उत्पादन शुल्क जबर असल्यामुळे, कापडाचा दुकानदार, दाताचा डॉक्टर किंवा छोटा हॉटेलवाला यांच्या खर्चवहीत हे कलम सहजासहजी उतरत नसे.

या छोट्या धंदेवाल्यांपैकी उडपी हॉटेलवाल्याने काढलेली तोड मला विशेष चतुर वाटते. संपूर्ण हॉटेल थंड करणे परवडत नाही, तर पोटमाळ्यावरची बुटकी जागा तेवढी काचेच्या दाराआड बंद करावी, तीस ‘एसी फॅमिली रूम’ म्हणावे, आणि दरपत्रकात मसाला डोशापुढे दोन रकाने करून दुसऱ्यात थोडे अधिक लिहावे. डोसा तोच, चटणी तीच, भटारखाना एकच. खिडकीचा एसी बसवायचा झाला की गवंडी छिन्नीने भिंत फोडून चौकोन काढी, सुतार तीत लाकडी चौकट ठोकी, आणि मिस्त्री ते धूड आत सरकवताना त्याचा मागचा भाग बोटभर खाली राहील अशी पाचर मारी. हा उतार चुकला तर यंत्रातले पाणी बाहेरच्या गल्लीत न जाता टेबलावरच्या सांबारात पडावयाचे. स्प्लिट एसी आल्यावर भिंतीला एवढे मोठे भगदाड पाडणे थांबले, पण कसब कमी झाले नाही. तांब्याच्या नळीचे तोंड फुलवून नट आवळायचा, जोडावर साबणाचा फेस लावून बुडबुडा येतो का पाहायचे, मगच गॅस सोडायचा; आणि ज्या मिस्त्रीला ही सबुरी नसते त्याचे गिऱ्हाईक पुढच्या चैत्रात पुन्हा फोन करते. थंड केलेली हवा बाहेर जाऊ नये म्हणून वर एवढी काळजी, आणि खाली तव्यापुढे उभ्या असलेल्या माणसासाठी धूर ओढणाऱ्या एका पंख्यापलीकडे काही नाही, हे मला आजही या कसबावरचे लांच्छन वाटते. त्यात दोष मिस्त्रीचा नाही, त्याला खालचे काम कोणी सांगितलेलेच नसते.

या पोटमाळ्यावरच्या काचेच्या दाराने पुढे सरकारी महसूल खात्यालाही मोहात पाडले. १ एप्रिल २०१३ पासून हॉटेलच्या कोणत्याही भागात, वर्षात केव्हाही, वातानुकूलनाची किंवा मध्यवर्ती उष्णतेची सोय असेल तर सेवाकर लागू झाला. ही दुसरी सोय सिमला-मसुरीकडच्यांसाठी असावी, पण कायद्याची भाषा सर्व देशाला एकच असल्यामुळे ती माटुंग्याच्या इडलीवाल्यालाही उद्देशून होती. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला तेव्हाही साध्या हॉटेलास १२ टक्के आणि वातानुकूलित हॉटेलास १८ टक्के अशी विभागणी राहिली, आणि वरचा मजला थंड असेल तर खालच्या मजल्यावर घामाघूम होऊन खाणाऱ्यालाही १८ टक्केच द्यावे लागतील असा खुलासा झाला. गिऱ्हाइकांची कुरकुर आणि हॉटेलवाल्यांच्या विनवण्या यांना यश येऊन १५ नोव्हेंबर २०१७ पासून हा भेद रद्द झाला व सर्वसाधारण उपाहारगृहांना, एसी असो वा नसो, ५ टक्के हा एकच दर लागू झाला. दरपत्रकातला दुसरा रकाना मात्र कित्येक हॉटेलांनी तसाच ठेवला आहे.